गडरलाईन बदला, माणूस उतरवू नका

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत मागच्या गल्लीतले चेंबर तिसऱ्यांदा तुंबले. संडासाचे पाणी उलटे फिरून शेजारच्या काकूंच्या न्हाणीघरात आले. तक्रार दिलेली होती. गाडी आलीही, पण गल्लीच्या तोंडाशी अडली आणि परत गेली. चौथ्या दिवशी गल्लीतल्या एका काकांनी घरटी पन्नास रुपये गोळा केले आणि दुसऱ्या वस्तीतून दोन माणसे बोलावली. त्यांतल्या एकाने शर्ट काढला, कमरेला दोर बांधला आणि तो चेंबरमध्ये उतरला. छातीपर्यंत. ना मास्क, ना हातमोजे, ना गमबूट. वीस मिनिटांनी तो गाळ, चिंध्या आणि विटांचे तुकडे घेऊन वर आला. आईने त्याला पाणी दिले. घरात स्टीलचे ग्लास असताना तिने कागदी कप शोधून काढला. समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता.

मी समाजकार्य करते, समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. जातिव्यवस्थेवर बोलायला बोलावले तर मी दोन तास बोलू शकते. त्या दिवशी पन्नास रुपये मीही दिले होते.

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "ताई, लाईन बैठ गयी है. आज खोल दिया, महिने भर में फिर बुलाओगे." पंचविसाव्या दिवशी आम्ही त्याला पुन्हा बोलावले.

मित्रांनो, हा लेख त्या एका वाक्यावर आहे. आपण वर्षानुवर्षे 'चेंबर साफ करा' अशी मागणी करत आलो. मागणी असायला हवी होती 'लाईन बदला' ही. सफाई मागितली की दर महिन्याला एक माणूस लागतो, आणि तो माणूस कोणत्या जातीचा असणार हे या देशात आधीच ठरलेले असते. लाईन बदलली, की त्या माणसाची गरज संपते. म्हणून वस्तीतली जुनी गडरलाईन दुरुस्त करणे हा आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे. केवळ नगरसेवकाच्या कामाच्या यादीतला तो एक विषय नाही.

लाईन 'बसते' म्हणजे काय होते?

आपल्याकडच्या जुन्या वस्त्यांत घरामागून जाणारी लाईन बहुधा सहा किंवा नऊ इंचांची असते. जुना पाईप चिनी मातीचा, दोन-दोन फुटांच्या तुकड्यांचा, सांध्यात सिमेंट भरलेले. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. या ओढाताणीत सांधे सुटतात. सुटलेल्या सांध्यातून माती आत येते, पिंपळ-वडाची मुळे शिरतात. वरून जड वाहन गेले की एखादा तुकडा खचतो. मलवाहिनी उतारावर चालते. तिथे पंप नसतो, पाणी आपल्या वेगाने मल पुढे नेते. मधला तुकडा दोन इंच जरी खाली बसला, तरी तिथे डबके होते, वेग मरतो आणि गाळ साचतो. मग तुम्ही कितीही वेळा उपसा, गाळ त्याच जागी परत साचणार.

सिमेंटच्या मोठ्या पाईपची कथा वेगळी. साचलेल्या मलातून हायड्रोजन सल्फाईड वायू निघतो, पाईपच्या वरच्या ओल्या भागावर त्याचे आम्ल होते आणि ते आम्ल सिमेंट खाते. म्हणून वर रस्ता चांगला दिसत असतो आणि एक दिवस अचानक खड्डा पडतो. हाच वायू चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाचा जीव घेतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते. माणसाला वाटते हवा मोकळी झाली, आणि तो दुसरी पायरी उतरतो.

अभियंते साधारणपणे तीस वर्षांचा हिशेब धरून मलवाहिनीची आखणी करतात. आता आपल्या वस्तीचा हिशेब करून पाहा. लाईन टाकली तेव्हा कौलारू घर होते, एक संडास होता, पाणी नळावरून भरून आणायचे होते. आज त्याच प्लॉटवर तीन मजले आहेत, चार भाऊ वेगळे राहतात, प्रत्येकाचे संडास-बाथरूम वेगळे आहे आणि गच्चीवर टाक्या आहेत. पाण्याची लाईन वाढली, मीटर बसले. सांडपाणी मात्र आजोबांच्या काळच्या पाईपातूनच जाते. लाईन तुंबली की आपण एकमेकांना दोष देतो, 'वरच्या घरातली बाई भांड्यातला भात टाकते' म्हणून भांडतो.

मागची गल्ली कोणासाठी होती?

जुन्या वस्त्यांत आणि लेआऊटमध्ये दोन घरांच्या रांगांमध्ये एक अरुंद गल्ली असते. कुठे तिला सफाई गल्ली म्हणतात, कुठे सर्व्हिस लेन. ही गल्ली का ठेवली होती? टोपलीचे संडास होते त्या काळी मैला उचलणारी बाई पुढच्या दारातून दिसू नये, तिचा स्पर्श होऊ नये, म्हणून. शहराच्या नकाशातच अस्पृश्यता आखलेली होती. पुढे फ्लशचे संडास आले आणि त्याच गल्लीत पाईप टाकले गेले. टोपली गेली, गल्ली राहिली आणि गल्लीत येणारी जातही तीच राहिली.

आज त्या गल्लीची अवस्था काय आहे? अर्धी गल्ली आपणच खाल्ली. कुणी चेंबरवर बाथरूम बांधले, कुणी जिना काढला, कुणी सरपण आणि जुनी कूलर रचून ठेवली. सक्शन-जेटिंगची गाडी आत शिरूच शकत नाही. जिथे यंत्र पोचत नाही तिथे माणूस पोचवला जातो. हे मी प्रशासनावर ढकलू शकत नाही. आमच्या घराची मोरीसुद्धा दीड फूट पुढे आलेली आहे.

कायदा काय म्हणतो?

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा, जो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी. या कायद्याच्या कलम ७ नुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कुणालाही गटाराच्या वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कामाला लावू शकत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द नीट वाचा. पन्नास-पन्नास रुपये गोळा करणारी आमची गल्ली त्यात येते. कलम ३३ स्थानिक संस्थेवर सफाईसाठी आधुनिक तंत्र वापरण्याचे कर्तव्य टाकते.

यात पळवाटही आहे. पुरेशी साधने आणि सुरक्षा न देता सफाई करून घेणे, अशी 'धोकादायक सफाई'ची व्याख्या आहे. म्हणजे साधने दिली असे कागदावर दाखवले की माणूस उतरवायला वाट मोकळी. म्हणूनच केवळ 'कामगारांना हातमोजे द्या' या मागणीवर थांबून चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात गटारात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम तीस लाख केली. आपल्या मुंबईत गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये एका खासगी सोसायटीची टाकी साफ करताना तिघे मेले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा २०२१ मध्ये भरपाईचा आदेश झाला. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसे मेली, ही केंद्र सरकारनेच संसदेत दिलेली संख्या आहे. २०२४ साली समोर आलेल्या सरकारी नोंदणीत २९ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे ३८ हजार कामगारांपैकी ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे होते. अनुसूचित जमाती आणि ओबीसी धरले तर हा आकडा ९२ टक्क्यांच्या घरात जातो. ज्यांना 'आता जात कुठे राहिली' असा प्रश्न पडतो, त्यांनी चेंबरमध्ये डोकावून पाहावे.

शहराला पैसा कुठे दिसतो?

नागपूर मागास शहर नाही. भांडेवाडीत प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, आणि महानिर्मिती ते पैसे मोजून घेते. देशभर या प्रकल्पाचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे. नाग नदी प्रदूषणमुक्त करण्याचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प जपानच्या जायका संस्थेच्या कर्जावर मंजूर झाला आहे. त्यात मलवाहिन्यांचे काम आहे. पण नदीकाठची मुख्य वाहिनी कितीही चांगली झाली, तरी आमच्या मागच्या गल्लीतला सहा इंची पाईप खचलेलाच राहिला तर मल तिथपर्यंत पोचणार कसा? तो पावसाळी नालीत जाईल, नालीतून पिवळी नदीत आणि तिथून पुन्हा नाग नदीत. नदीसाठी पैसा आणणाऱ्यांना गल्लीपर्यंत आणणे हे आपले काम आहे.

दुसरीकडे गेल्या दशकात शहरभर सिमेंट रोड झाले. कित्येक ठिकाणी रस्ता वर आणि घराचा ओटा खाली गेला. पावसाचे पाणी घरात शिरू लागले. सिमेंटखाली जुनी लाईन तशीच पुरली गेली असेल, तर आता ती बदलायची म्हटली की 'नवा रोड फोडता येत नाही' हे उत्तर तयार. आधी लाईन, मग रोड, हा साधा क्रम पाळला असता तर एकाच पैशात दोन्ही झाले असते.

१८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदीचा वास संसदेच्या खिडक्यांतून आत आला. कामकाज अशक्य झाले. त्याआधी कॉलऱ्याने हजारो गरीब मेले होते, तरी पैसा निघत नव्हता. वास सभागृहात पोचल्यावर मात्र काही आठवड्यांत कायदा झाला आणि शहराखाली मलवाहिन्यांचे जाळे उभे राहिले. आपल्याकडे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. माणसे मेली, संसार वाहून गेले. त्या दुःखात वस्ती आणि लेआऊट असा भेद मी करणार नाही. मंत्री लगेच पोचले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, हेही व्हायलाच हवे होते. माझा प्रश्न एवढाच आहे, की पश्चिम नागपुरात एका रात्री जे झाले ते आमच्या गल्ल्यांत थोडे थोडे दर पावसाळ्यात होते. त्याची याचिका आपण कधी करणार?

गेट हवे की पाईप?

इथे थोडे कडू बोलते. वस्तीत निधी आला की आपण काय मागतो? प्रवेशद्वार, सभामंडप, गट्टू, हायमास्ट दिवा. या गोष्टींवर नाव कोरता येते, फीत कापता येते, जयंतीच्या आधी उद्घाटन होते. जमिनीखालच्या पाईपवर कुणाचे नाव लिहिता येत नाही, म्हणून नेता तो देत नाही. आणि आपण मागत नाही, म्हणून त्याचे फावते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. त्या काळात विचारायचे कुणाला, हे खरे. पण नगरसेवक असतानाही आपण पाईप कधी मागितला होता?

विहार, पुतळा, प्रवेशद्वार यांना माझा विरोध नाही. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले त्याने आपली ओळख दगडात उभी केली, त्यामागे स्वाभिमान आहे. पण विहाराच्या मागे चेंबर वाहत असेल आणि ते उपसायला आपणच कुणाला तरी उतरवत असू, तर त्या स्वाभिमानाचे काय उरते?

आपल्याला जमिनीखालचे काम कळत नाही, असेही नाही. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरच्या भूमिगत पार्किंगविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर आले आणि सरकारला काम थांबवावे लागले. खड्डा किती खोल, स्तूपाला धोका काय, हे तेव्हा चौकाचौकातल्या पोरांना तोंडपाठ होते. तीच पोरे आपल्या गल्लीतल्या लाईनचा उतारही मोजू शकतात.

आपण सोडलेले काम कोणाच्या खांद्यावर गेले?

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेली ढोरे ओढणे आणि शिळे तुकडे मागणे सोडायला सांगितले. आपल्या आजोबा-पणजोबांनी बहिष्कार सोसून ते सोडले. गावाने धमक्या दिल्या, रोजगार तोडला, तरी त्यांनी माघार घेतली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात आपण नवा जन्म घेतला. या इतिहासाचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा.

पण त्या इतिहासाने आपल्यावर एक जबाबदारीही टाकली. घाणीचे काम एका जातीने सोडायचे आणि दुसरीने उचलायचे, हे बाबासाहेबांना मान्य नव्हते. सफाईच्या कामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणाऱ्या गांधीवादी विचारावर त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात कठोर टीका केली. त्याच्या दहा वर्षे आधी मुंबईत महापालिका कामगारांची संघटना उभी करण्यातही ते होते. आज वाल्मिकी किंवा सुदर्शन समाजातला भाऊ आमच्या चेंबरमध्ये उतरतो आणि आम्ही त्याला कागदी कपात पाणी देतो. त्या वेळी आम्ही कोणाच्या जागी उभे असतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. 'ते लोक अजून हिंदू आहेत, आपल्या मोर्च्यात येत नाहीत' असे कुणी म्हणेल. आपण त्यांच्या मोर्च्यात किती वेळा गेलो?

कुणी असेही म्हणेल की लाईन बदलली तर त्याची रोजी जाईल. ही चिंता खरी आहे, पण तिचे उत्तर त्याला चेंबरमध्ये ठेवणे हे नाही. २०१३ च्या कायद्यात पुनर्वसन आहे. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत सफाईची यंत्रे घेण्यासाठी कामगारांना अर्थसाहाय्याची तरतूद आहे. जेटिंग मशीनचा मालक आणि चालक तोच असावा, अशी मागणी आपण त्याच्यासोबत करायची.

मग करायचे काय?

पहिले, आपली गल्ली मोजा. किती चेंबर, कोणते दर महिन्याला तुंबते, कोणते सिमेंटखाली गेले, याचा कागदावर नकाशा काढा. दोन रविवारचे काम आहे.

दुसरे, लेखी मागणी 'सफाई'ची करू नका. लाईनची कॅमेऱ्याने तपासणी आणि तिचा अहवाल मागा. खचलेला भाग कोणता, हे कॅमेरा दाखवतो. तेवढाच भाग बदलता येतो किंवा काही ठिकाणी रस्ता न फोडता जुन्या पाईपात आतून अस्तर टाकता येते. अरुंद गल्लीत नवी लाईन पुढच्या रस्त्याने घ्यावी, अशी मागणी करा, म्हणजे यंत्र पोचेल.

तिसरे, आपली अतिक्रमणे आपण काढा. चेंबरवरची मोरी आधी मागे घ्या आणि मग निवेदन द्या. त्या निवेदनाला वजन येईल.

चौथे, 'निधी नाही' हे उत्तर स्वीकारू नका. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पैसा नाही म्हणून नगरपालिका नाल्या आणि स्वच्छतेच्या कर्तव्यातून सुटू शकत नाही. तो खटला एका वॉर्डातल्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे केलेल्या अर्जातून उभा राहिला होता. तेव्हाचे फौजदारी संहितेचे कलम १३३ आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ आहे. सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे हा अर्ज कोणतीही वस्ती करू शकते.

आणि पाचवे, ज्याला ना निधी लागतो ना मंजुरी. आमच्या गल्लीत माणूस चेंबरमध्ये उतरणार नाही, असा ठराव विहारात बसून करा. वास सहन करू, चार दिवस सार्वजनिक संडास वापरू, कार्यालयासमोर बसू, पण पन्नास रुपये गोळा करणार नाही.

आमच्या गल्लीत हा ठराव झाला तेव्हा काही घरांनी सही केली, काहींनी केली नाही. एक काका म्हणाले, "ताई, तुझ्या घरात पाणी शिरेल तेव्हा बोलू." त्यांचे म्हणणे मी टाळत नाही. पुढचा पावसाळा येईल, चेंबर तुंबेल, आणि त्या दिवशी माझी परीक्षा होईल. आईने मात्र सही केली. मोरी मागे घ्यायला गवंडी कधी येतो, हे आता तीच रोज विचारते.

जयभीम!